हिरव्यातला काटा: गावच्या रेंजवर आलेल्या नव्या रायफलीचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस पट्ट्यात एक माध्यमिक शाळा आहे. तिची नेमबाजीची रेंज म्हणजे जिनिंगचे जुने गोडाऊन: पत्र्याचे छप्पर, कोपऱ्यात अजूनही कापसाची बोंदरी, आणि चार लेन. वर्षानुवर्षे इथे नळी मोडून भरायच्या दोन स्प्रिंगवाल्या रायफली होत्या. मग दाबलेल्या हवेवर चालणारी, पीसीपी म्हणतात ती, एक नवी मॅच रायफल आली. पहिल्या महिन्यात सगळे खूश होते. दुसऱ्या महिन्यात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसू लागली. तेरा-चौदा वर्षांची चारही मुले पहिल्या चार सिरीज (एक सिरीज म्हणजे दहा छर्रे, शंभर गुण) नीट मारत आणि पाचवी-सहावी सिरीज ढासळे. एका मुलीच्या वहीतला नमुना असा: ९४, ९३, ९५, ९४, ९१, ८७.

शिकवणाऱ्या सरांचा निष्कर्ष ठरलेला होता: दम कमी पडतो. पळायला लावा, सकाळी दूध-अंडी द्या. पोरांचा दम कमी पडत असेलही, पण या प्रकरणात त्यांचा दोष नव्हता.

खरेदीच्या वेळी काय ठरले ते आधी पाहू, कारण तिथे एक चूक थोडक्यात टळली. विक्रेत्याने दोन रायफली दाखवल्या होत्या. एक सेमी-ऑटोमॅटिक: मॅगझिनमध्ये छर्रे भरायचे आणि दर वेळी फक्त ट्रिगर ओढायचा. छर्रा सुटताना थोडी हवा मागे वळते, बोल्टला (छर्रा नळीत बसवणाऱ्या सरकत्या दांड्याला) मागे ढकलते, आणि स्प्रिंग बोल्ट पुढे आणताना पुढचा छर्रा नळीत बसवते. गावात साहजिकच हीच रायफल भारी वाटली. पण १० मीटरच्या स्पर्धेत आयएसएसएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा, नियम स्पष्ट आहे. रायफल एकाच छऱ्याची हवी आणि तो दर वेळी हाताने भरायचा. म्हणजे सेमी-ऑटो घेऊन मूल तालुक्याच्या पुढे जाऊच शकत नाही. शिवाय बोल्ट मागे ढकलण्यात हवा खर्च होते, छर्रा नळीत असतानाच आत काहीतरी हलू लागते, आणि मॅगझिनमधून ढकलला जाताना छऱ्याचा मऊ शिशाचा घेर जरासा दबू शकतो. अंगणात डबे पाडायचे असतील तर यातले काहीच बाधत नाही. इथे मात्र दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे. सुरक्षेचा मुद्दा तर याहून मोठा. एकछर्री रायफलीचा बोल्ट उघडा असला की ती रिकामी आहे हे लांबूनही दिसते. सेमी-ऑटो मात्र एक छर्रा मारून झाला की आपोआप पुन्हा भरलेली असते. आठवी-नववीच्या वर्गात ती न आणणेच शहाणपणाचे, आणि शाळेने ती आणली नाही.

आता आलेल्या रायफलीकडे. छर्रा ४.५ मिमी, वजन सुमारे ०.५३ ग्रॅम, नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला १७०-१७५ मीटर. १७२ मीटर धरला तर ऊर्जा येते ७.८ ज्यूल. हवेचा सिलिंडर नळीखाली असतो, साधारण ०.१५ लिटरचा, २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) भरायचा. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये रेग्युलेटर असतो, आणि या सबंध यंत्राचा जीव त्यात आहे. सिलिंडरमध्ये २०० बार असो की १००, रेग्युलेटर पुढे ठरावीक दाबानेच हवा सोडतो. या रायफलीत तो दाब ७० बारच्या आसपास आहे. म्हणून पहिला छर्रा आणि शंभरावा छर्रा एकाच वेगाने जातो. स्प्रिंगच्या रायफलीत हा प्रश्नच नव्हता. तिथे दर वेळी हात मोडेपर्यंत नळी ओढली की झाले.

ट्रिगर दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा सैल, मग बोटाला एक भिंत लागते, आणि तिथून जरा दाबले की सुटते. रायफलच्या ट्रिगरला स्पर्धेत वजनाची अट नाही. मोठे नेमबाज तो शंभर ग्रॅमच्याही खाली नेतात. नवशिक्या मुलांना तो १५० ग्रॅमवर ठेवलेला बरा. त्याहून हलका असेल तर बोट ठेवतानाच छर्रा सुटतो, आणि एकदा तसे झाले की मूल महिनाभर ट्रिगरला घाबरते. छर्रा न भरता ट्रिगरचा सराव करायची कळही या रायफलीला आहे. हिचा जितका उपयोग व्हायला हवा तितका कुठेच होत नाही. छर्रे वाचतात, हवा वाचते आणि चुकाही जास्त दिसतात.

दंडा, म्हणजे रायफलीचा दस्ता, ॲल्युमिनियमचा, आणि सगळे सरकते: खांद्याची पाटी पुढे-मागे-वर-खाली, गालाचा आधार वर-खाली आणि आत-बाहेर, मूठ मागे-पुढे. नियमाने रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. पण ३८ किलोच्या मुलीच्या हातात साडेपाच किलो म्हणजे शिक्षा. तिच्यासाठी जोडवजने सगळी काढली. बसवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी उलटा होतो. आधी खांद्याची पाटी: डावा हात रायफलीखाली, कोपर बरगडी-कमरेवर टेकलेले, आणि मान पुढे न ओढता डोळा मागच्या साइटच्या छिद्रापासून तीन-चार बोटांवर यायला हवा. मग गालाचा आधार: डोळे मिटून गाल ठेवायचा, डोळे उघडायचे, छिद्रात नळीच्या टोकावरची पुढची रिंग मधोमध दिसली पाहिजे. दिसत नसेल तर आधार हलवा, मान हलवू नका. शेवटी पाटीची उंची. चार मुलांचे चार आकडे दंड्यावरच्या खुणांवरून वहीत लिहून ठेवायचे, कारण रायफल एकच आहे आणि दर तासाला हात बदलतात. आकडे न लिहिता अंदाजाने बसवले तर दहा मिनिटे जातात आणि रोजची रायफल वेगळी होते.

मागची साइट डायॉप्टर, म्हणजे बारीक छिद्रातून पाहायची, तिला उंचीचा आणि बाजूचा असे दोन गुंडे. एका क्लिकला छर्रा किती सरकतो हे पुस्तिकेत असले तरी आपल्या रायफलीवर मोजून घ्यावे. पाच छर्रे मारा, दहा क्लिक वर द्या, पुन्हा पाच मारा, दोन्ही झुबक्यांच्या मध्यांतले अंतर दहाने भागा. पुढच्या रिंगेचा आकार मुलांसाठी जरा मोठाच ठेवावा. काळा गोल ३०.५ मिमीचा असतो, आणि त्याच्याभोवती पांढरी कड ठसठशीत दिसायला हवी. बारीक रिंगेत मूल नेम धरून बसते आणि श्वास संपतो.

आता मूळ दुखणे.

शेवटच्या दोन सिरीज ढासळतात म्हटल्यावर चार संशय निघाले. दम, ऊन, छर्रे, स्क्रू. छऱ्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. मुले डबी उघडी ठेवत आणि मूठभर छर्रे खिशात टाकत, त्यामुळे घेर वाकलेले छर्रे सापडले. दंड्याचे दोन स्क्रूही सैल होते. पुस्तिकेतल्या न्यूटन-मीटरच्या आकड्याला ते टॉर्क पान्याने आवळले. दोन्ही दुरुस्त्या योग्यच होत्या. ढासळणे मात्र तसेच राहिले. मग वह्यांऐवजी टार्गेटची कार्डे पाहिली, आणि तिथे उत्तर दिसत होते. थकलेल्या मुलाचे छर्रे चहूकडे पसरतात: वर, खाली, डावीकडे. या कार्डांवर सहाव्या सिरीजचा झुबका जवळजवळ तेवढाच घट्ट होता, फक्त तो खाली सरकला होता. नुसता गुण पाहणाऱ्याला हे कधीच कळत नाही. ८७ पसरूनही होतात आणि ८७ खाली घसरूनही होतात.

खात्रीसाठी तीन तपासण्या झाल्या. पहिली, त्याच मुलीला चाळिसाव्या छऱ्यानंतर अर्धा तास बसवले, पाणी दिले, आणि सिलिंडरला हात न लावता पुढे मारायला लावले. छर्रे खालीच गेले. दुसरी, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून, माणूस जवळजवळ बाजूला काढून, सकाळीच तितकेच छर्रे मारले: २० साइटर (मॅचआधीचे, गुणांत न धरायचे छर्रे) आणि मग ६०. दर दहा छऱ्यांना नवे कार्ड. पहिल्या चार कार्डांचा मध्य जागेवर, पाचव्याचा सुमारे १ मिमी खाली, सहाव्याचा सुमारे ३ मिमी खाली. ऊन नाही, दम नाही, तरी तेच. तिसरी, गुंड्याला हात न लावता सिलिंडर पूर्ण भरला. छर्रे पुन्हा मध्यावर आले.

गणित साधे आहे. ०.१५ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला की त्यात बाहेरच्या मापाने ३० लिटर हवा असते. रेग्युलेटरला ७० बार लागतात, म्हणून कामाची हवा १३० गुणिले ०.१५, म्हणजे १९.५ लिटर. एका छऱ्याला साधारण ०.१ लिटर जाते. म्हणजे दोनशेच्या जवळपास छर्रे. पण इथे सिलिंडर २०० ला भरला जातच नव्हता. तो ११० बारला सोडला जाई. मग कामाची हवा ४० गुणिले ०.१५, म्हणजे ६ लिटर. म्हणजे ६० छर्रे. त्यातले २० साइटरमध्ये गेले, उरले ४०. पाचव्या सिरीजपासून रेग्युलेटरच्या मागे पुरेसा दाबच नाही. दर छऱ्याला सुमारे दोन तृतीयांश बार उतरतो, आणि मॅचच्या साठाव्या छऱ्यापर्यंत सिलिंडर ५७ बारच्या आसपास येतो. वेग १७२ वरून १५५ च्या घरात. १७२ मीटरने निघालेला छर्रा १० मीटरवर पोचेपर्यंत सुमारे साडेसतरा मिमी खाली येतो. १५५ ने निघालेला जवळजवळ २२ मिमी. फरक ४ मिमीचा. या कार्डावर एका रिंगेपासून दुसरीचे अंतर २.५ मिमी आहे, म्हणजे शेवटचा छर्रा दीड रिंग खाली. पिशव्यांवरच्या कार्डांनीही हेच सांगितले होते.

मग कोणाच्या लक्षात कसे आले नाही? सिलिंडरच्या टोकावरचा गेज रुपयाच्या नाण्याएवढा असतो, आणि त्यावर ७० ते २०० सगळे हिरवे रंगवलेले आहे. ११० ला काटा हिरव्यात. मुले विचारत, “सर, हिरव्यात हाय, चालते ना?” आणि सर म्हणत, चालते. हिरव्याचा अर्थ एवढाच की या क्षणी रायफल नीट चालते. अजून किती छर्रे चालेल हे तो सांगत नाही. शिवाय एवढ्या छोट्या गेजमध्ये पाच-दहा बारची चूक गृहीत धरावी.

आणि ११० लाच का थांबत? कारण भरायला हातपंप होता. (गावात हातपंप म्हटले की बोअरवेलचाच डोळ्यांपुढे येतो. हा सायकलच्या उभ्या पंपासारखा, पण तीन टप्प्यांचा.) ७० वरून २०० ला न्यायला शंभर-सव्वाशे वेळा दाबावे लागते, आणि दीडशे बारच्या वर तो अंगाचे वजन टाकल्याशिवाय खाली जात नाही. ३८ किलोच्या मुलीचे वजनच पुरत नाही. तिने हिरवे दिसताच थांबणे अगदी स्वाभाविक होते. पंप मोठ्या माणसाने मारायचा, ५०-६० दाबांनंतर खालचा व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडायचे आणि पंप थंड होऊ द्यायचा. तापलेल्या पंपाने आतले रबरी सील आधी जातात.

पाण्याकडे पावसाळ्यात फार लक्ष द्यावे लागते. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत जवळजवळ २४ ग्रॅम पाणी असते. १९.५ लिटर हवा भरली की तिच्याबरोबर सुमारे अर्धा ग्रॅम पाणी येते, आणि एवढ्या दाबाखाली ते बहुतेक सगळे द्रव होते. एका वेळेला नगण्य, पण आषाढ-श्रावण काढले की रेग्युलेटर चिकटू लागतो आणि मग वेग वर-खाली होतो, जो शोधायला आजच्या दुखण्यापेक्षा फार अवघड. पंपाच्या तोंडाशी ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची नळी लावावी आणि दाण्यांचा रंग बदलला की लगेच बदलावेत. एप्रिल-मेमध्ये विदर्भाची हवा इतकी कोरडी असते की हा प्रश्न आपोआप मिटतो. तेव्हा दुसरा उभा राहतो. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर ४५ अंशांना २१३ दाखवतो, आणि बंद जीपमध्ये ६० अंश झाले तर २२३. म्हणून उन्हाळ्यात १८० लाच थांबायचे. १८० मध्ये १६५ छर्रे बसतात, पुष्कळ झाले. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी सिलिंडर भिंतीच्या सावलीत ठेवायचा, पत्र्याखाली नाही.

शाळेने शेवटी १२ लिटरचा, श्वसनाच्या हवेचा मोठा सिलिंडर घेतला. अग्निशमन दलाच्या श्वसन-संचात भरतात तशीच कोरडी, तेल नसलेली हवा. २०० बारला भरून आणला की तो रायफलीला आपला दाब देत जातो आणि हळूहळू उतरतो. हिशोब असा: रायफल दर वेळी ७० वरून भरली तर दहा भरण्यांनंतर मोठा सिलिंडर १८५ च्या आसपास, वीस नंतर १७१, चाळीस नंतर १४९. १४९ ला भरलेली रायफलसुद्धा एकशेवीसच्या आसपास छर्रे मारते. म्हणजे चाळीस भरण्या निर्धास्त. व्हॉल्व्ह केसभर उघडायचा, मिनिटभर घेऊन भरायचे. झपकन भरले की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८० निघतात. मोठ्या सिलिंडरच्या मानेवर चाचणीची तारीख कोरलेली असते. ती पाहिल्याशिवाय कोणाकडूनही घेऊ नये. या सिलिंडरांचे नियम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. रायफलीच्या छोट्या सिलिंडरची मुदत दहा वर्षे धरतात, आणि जुनी रायफल स्वस्तात मिळत असेल तर सगळ्यात आधी ती तारीख पाहावी.

एक इशारा ठळक अक्षरांत भिंतीवर लिहायला हवा. गावात वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजनचा सिलिंडर असतो, त्याचा दाबही पुरेसा असतो, आणि “तिथूनच भरून घेऊ” ही कल्पना कोणाला ना कोणाला सुचतेच. रायफलीच्या आत ग्रीस असते. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीस एकत्र आले की पेट घेते, स्फोट होतो. फक्त हवा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर ८-१० बारचा असतो, त्याचा काही उपयोग नाही.

या घोळात आणखी एक घोळ झाला होता, आणि त्यामुळे दुखणे सापडायला दोन आठवडे जास्त लागले. छर्रे खाली जातात म्हणून एका मुलाने सहाव्या सिरीजमध्ये डायॉप्टरला क्लिक वर दिले. संध्याकाळी कोणीतरी पंप मारला. दुसऱ्या दिवशी पहिला छर्रा वर गेला, तेव्हा दुसऱ्या मुलाने क्लिक खाली दिले. तिसऱ्या दिवशी गुंडा नक्की कुठे आहे हे कोणालाच सांगता येईना, आणि सगळे म्हणू लागले की रायफलच बिघडली, कंपनीला पाठवा. आता वहीत प्रत्येक सत्राला तीन आकडे आहेत: सुरुवातीचा बार, शेवटचा बार, आणि मूळ खुणेपासून गुंड्याचे क्लिक. सुरुवातीचा बार १३० च्या खाली असेल तर साठ छऱ्यांचे सत्र सुरूच करायचे नाही. १३० मध्ये ९० छर्रे निघतात, आणि साइटरांसह मॅच ८०-८५ मध्ये संपते.

रेंज पाहायला येणारे शेतकरी हमखास एकच प्रश्न विचारतात: “सर, याच्यानं डुक्कर मरते का जी?” मरत नाही. ७.८ ज्यूलमध्ये रानडुकराला किंवा रोह्याला नुसती जखम होईल, ते पिसाळेल, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा मात्र पक्का होईल. माणसाचा डोळा जायला तेवढेच ज्यूल पुरतात, म्हणून लेनमागे उभा राहणाराही चष्म्याशिवाय उभा राहायचा नाही. ०.१७७ इंचाची आणि २० ज्यूलच्या आतली हवेची रायफल शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय ठेवता येते. तरीही स्पर्धेला नेताना कडक पेटीत, बोल्ट उघडा, नळीत रंगीत दोरी, आणि बिलाची प्रत सोबत ठेवावी. नाकाबंदीवरच्या हवालदाराला लांबून ती युद्धातली बंदूकच दिसते, आणि त्याची चूक नाही.

छर्रे शिशाचे असतात, म्हणून टार्गेटमागची पोलादी पाटी तिरकी आणि पेटीत बसवलेली, फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, आणि जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणाने हात. कापसाची बोंदरी या बाबतीत वैरी ठरली. शिशाची धूळ तिच्यात अडकून महिनोन्महिने राहते. गोडाऊनचे कोपरे आधी साफ करायला हवे होते, ते रायफल आल्यावर सुचले.

हवा दुरुस्त झाल्यावर कार्डांवर एक बारीक खोट उरली. दुपारी साडेतीननंतर चारही मुलांचे झुबके मिलिमीटरभर एका बाजूला झुकतात, आणि पिशव्यांवरूनही झुकतात, कारण नेम शेवटी डोळ्यानेच धरायचा असतो. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन पुढच्या रिंगेच्या एका कडेवर पडते. ती कड चमकते, जाड दिसते, आणि डोळा काळा गोल तिच्यापासून दूर ढकलतो. इथे क्लिक फिरवले की सकाळचे सत्र बिघडते. खिडकीला रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट दुहेरी बांधली आणि टार्गेटवर वेगळे दिवे लावले, १५०० लक्स (उजेडाचे माप) मोजून. गावठाणाच्या फीडरवर मोटारी चढल्या की दिवे मंद होतात, तेवढे अजून राहिले आहे.